‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

(मंडळाच्या आरोग्य-शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आरोग्य-शाखेच्या बाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मंडळात मी आजवर काम केले ते स्वयंपाकाच्या बाजूला. कोजागरीचे दूध आटवायचे, चैत्राच्या हळदीकुंकवाला डाळ आणि पन्हे करायचे, हे माझे खाते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण बाई म्हणाल्या, "औषधांवर डॉक्टर बोलतील. तुम्ही तुमचं कॅलेंडर घेऊन या, आणि त्यावर बोला." म्हणून हे कॅलेंडर घेऊन आले आहे. मागच्या बाजूला बसलेल्यांना नीट दिसणार नाही, तेव्हा सभा संपल्यावर ते हातात घेऊन बघा.

आजचा विषय एवढाच आहे की, डोकेदुखीवर औषध चालू असताना आपल्याला कितपत गुण आला, हे आपले आपण कसे मोजायचे. विषय लहान वाटेल. पण आपल्यापैकी कितीजणींच्या घरात कपाळाला पट्टी बांधून निजलेली बाई आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात मोठ्या माणसांची एक पाहणी झाली, ती २०१५ साली छापली गेली. तीत असे दिसले की वर्षभरात शंभरांतल्या सुमारे २५ जणांना अर्धशिशीचा त्रास होतो. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळच जास्त. २०१९ सालच्या जगभरच्या आकड्यांत तर तरुण बायकांचे दिवस निकामी करणाऱ्या आजारांत अर्धशिशीचा नंबर पहिला लागला. तेव्हा हा विषय माझ्या एकटीचा नाही.

आता पहिली अडचण सांगते. ताप आला तर थर्मामीटर आहे. रक्तदाबाला पट्टा आहे, साखरेला रक्ताची तपासणी आहे. पडून हात मोडला तर क्ष-किरणाच्या फोटोत हाड दिसते. डोकेदुखीला असे काहीच नाही. अर्धशिशीच्या माणसाच्या डोक्याचा महागडा फोटो काढला तरी तो बहुधा चांगलाच निघतो. मग घरची माणसे म्हणतात, "बघ, काही नाही ना त्यात!" फोटोत काही नाही, ही आनंदाचीच गोष्ट, पण दुखणे तर आहेच. ते किती आहे, हे सांगणारे माप एकच, आणि ते म्हणजे ज्याचे दुखते त्याचा शब्द. डॉक्टर कितीही मोठे असले तरी त्यांना आपल्या शब्दावरच चालावे लागते.

आणि आपण शब्द कोणता देतो? डॉक्टर विचारतात, "कसं काय?" आपण म्हणतो, "बरं आहे." संपले!

मैत्रिणींनो, या ‘बरं आहे’मध्ये किती गोष्टी दडलेल्या असतात, ते मी पुष्कळ दिवस दवाखान्यांच्या बाकांवर बसून पाहिले आहे. एखादी म्हणते, कारण बाहेर रांग लागली आहे आणि डॉक्टर घाईत आहेत. एखादी म्हणते, कारण सोबत सासरे आले आहेत. एखादीला वाटते, एवढ्या चांगल्या डॉक्टरांना ‘गुण नाही’ म्हटले तर त्यांना वाईट वाटेल. एखादीला औषधाचा खर्च नको असतो. आणि एखादीला खरोखरच बरे वाटत असते. डॉक्टरांच्या कागदावर मात्र सगळ्यांचे सारखेच उतरते. मी पूर्वी ज्या दवाखान्यात जात असे, तेथे तर प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धे मिनिटही लागत नसे. मी पायरी उतरायच्या आत पुढच्या बाईचे नाव पुकारलेले असे.

माझे दुखणे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासूनचे. डाव्या डोळ्याच्या वर ठणका सुरू होतो. उजेड नको वाटतो, फोडणीचा वास नको वाटतो, कुकरची शिट्टी डोक्यात जाते. मळमळ होऊन उलटी झाली की मग जरा झोप लागते. दुसरा दिवस अंग ओढत काढायचा. हे काही जगावेगळे नाही. तुमच्यातल्या कित्येकींना मी सांगताना आपलीच हकीकत वाटली असेल. त्रास दुखण्याचा होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटे ते या गोष्टीचे की, आदल्या दिवशी अंधार करून निजलेली बाई दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या लाटताना दिसली की लोकांना काल ती खोटी निजली होती असे वाटते.

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या भाचीच्या आग्रहावरून मी वाईहून पुण्याला एका डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेले. भाची नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. मला वाटले होते, जाईन आणि चिठ्ठी घेऊन येईन. पण त्यांनी नीट तपासले, सगळे विचारून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, तुमची ही अर्धशिशीच आहे. रोज घ्यायचं औषध आपण सुरू करू, पण महिनाभरानं. आधी एक महिना मला मोजून आणा."

मी विचारले, "काय मोजायचं?"

त्या म्हणाल्या, "घरी दुधाचे खाडे कुठं मांडता?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनात पक्के बसले. दुधाचा खाडा आपण एकही विसरत नाही. कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारतो आणि महिनाअखेर दूधवाल्याशी पै-पैचा हिशेब करतो. ‘या महिन्यात साधारण बरं दूध आलं’ असे म्हणून कोणी पैसे देत नाही. मग आपल्या स्वतःच्या डोक्याचा हिशेबच तेवढा अंदाजाने का द्यायचा?

तेव्हा त्याच कॅलेंडरवर, दुधाच्या फुलीशेजारी, मी मांडायला लागले. चार गोष्टी लिहायच्या. डोके दुखले की नाही. दुखले तर किती. किती तास. आणि गोळी घेतली का, घेतली तर कोणती.

यातले ‘किती’ जरा समजावून सांगते. शून्य ते दहा असे आकडे असतात. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. पण नुसते असे सांगून कळत नाही. आज मी सहा म्हणेन, उद्या त्याच दुखण्याला आठ म्हणेन. म्हणून मी आपल्या घरच्या खुणा ठरवल्या. दुखते आहे, पण पोळ्या लाटून होतात, ते तीन. काम करते पण कोणाशी बोलावेसे वाटत नाही, खिडकी लावून घ्यावी वाटते, ते सहा. उशीवरून मान उचलत नाही आणि उलटी होते, ते नऊ. दहा मी शिल्लक ठेवला आहे, देवदयेने तो लागू नये. एकदा खुणा ठरल्या की आकडा हलत नाही. आणि एक ध्यानात ठेवा, हे आकडे शेजारणीच्या आकड्यांशी ताडून पाहायचे नसतात. तिचे सहा आणि माझे सहा एक नव्हेत. आपले आजचे सहा आपल्याच मागच्या महिन्याच्या सहांशी ताडायचे.

जानेवारीअखेर मोजले तर दुखण्याचे दिवस तेरा भरले. त्यांतले पाच दिवस नऊचे. खरे सांगते, मला कोणी अंदाजाने विचारले असते तर मी ‘आठवड्यातून एकदोनदा’ म्हटले असते, आणि आमच्या घरी कोणाला विचारले असते तर ‘महिन्यातून दोनतीनदा’ म्हटले असते. आठवणीचे असेच असते. दवाखान्यात जायच्या दिवशी डोके दुखत असले तर सगळा महिना वाईट गेल्यासारखा वाटतो, आणि त्या दिवशी मोकळे असले तर सगळा महिना मोकळा वाटतो. कालची कळ आज नीट आठवत नाही. म्हणून ज्या त्या दिवशी, रात्री दिवा मालवण्यापूर्वी मांडायचे.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस मुलीने मला दोन कागदांवरचे प्रश्न मराठीत वाचून दाखवले. हे कागद जगभर वापरतात, असे भाचीने मागाहून सांगितले.

पहिल्या कागदावर सहा प्रश्न. दुखते तेव्हा फार जोरात दुखते का, रोजची कामे अडतात का, आडवे व्हावेसे वाटते का, थकवा येतो का, वैताग आणि चिडचिड होते का, कामात चित्त लागत नाही का, अशा आशयाचे. उत्तरे पाच प्रकारची: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, पुष्कळदा, नेहमी. प्रत्येक उत्तराला ठरलेले गुण आहेत, सहापासून तेरापर्यंत. सगळी बेरीज कमीत कमी ३६ आणि जास्तीत जास्त ७८ होते. ४९ पर्यंत असेल तर डोकेदुखीने फारसे काही अडत नाही असे समजतात. ६० किंवा त्याहून जास्त झाले की संसारावर तिचा फार मोठा भार आहे असे समजतात. माझी बेरीज ६९ झाली. शाळेत एवढे गुण पडले असते तर वडिलांनी पेढे वाटले असते!

दुसऱ्या कागदाला मिडास म्हणतात. अमेरिकेतल्या वॉल्टर स्टुअर्ट आणि रिचर्ड लिप्टन यांनी तो तयार केला, १९९० नंतरच्या दशकात. त्यात मागच्या तीन महिन्यांचे दिवस मोजतात. पहिले दोन प्रश्न नोकरीचे किंवा शाळेचे: किती दिवस गेला नाहीत, आणि किती दिवस काम निम्म्यावर आले. मी म्हटले, "लिहा शून्य. मी घरीच असते." मला वाटले, आता माझे मोजमाप शून्यच येणार. पण मुलगी म्हणाली, "थांबा काकू, पुढं ऐका." तिसरा आणि चौथा प्रश्न घरकामाचा होता. किती दिवस घरकाम मुळीच झाले नाही, आणि ते दिवस सोडून किती दिवस ते निम्म्याने किंवा त्याहून कमी झाले. पाचवा प्रश्न, घरच्या-दारच्या कार्याला, सणा-समारंभाला किती दिवस मुकलात.

मैत्रिणींनो, एवढी वर्षे घरकाम करते आहे, पण ‘आज घरकाम झालं नाही’ हा दिवस कोणी कागदावर मांडून घेतलेला मी प्रथमच पाहिला. आपला खाडा कोणी धरत नाही, कारण आपल्याला पगार नाही. जी बाई शेतावर मजुरीला जाते तिचा रोज बुडाला की घरात लगेच कळते. आपल्याकडे मात्र दुखत असतानाही भाकरी थापली जाते, म्हणून दुखले नाही असे धरतात. माझा हिशेब असा झाला: घरकाम मुळीच झाले नाही ते ७ दिवस, निम्म्यावर आले ते १५, आणि लग्न-बारशाला मुकले ते ४. बेरीज २६. पाचपर्यंत पहिली पायरी, सहा ते दहा दुसरी, अकरा ते वीस तिसरी आणि २१ च्या पुढे चौथी. म्हणजे मी शेवटच्या पायरीवर होते. तो कागद मी घरी आणून यांना दाखवला. हे काही बोलले नाहीत, पण पुन्हा एकदा वाचला. ‘नाटक’ हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कोणी उच्चारला नाही.

एक फेब्रुवारीला औषध सुरू झाले. हे रोज घ्यायचे, दुखणे येऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की अशा औषधाचा गुण आठवड्यात दिसत नाही. निदान दोन ते तीन महिने घेतल्याशिवाय त्याच्यावर बरावाईट शिक्का मारू नये.

फेब्रुवारी संपला. दिवस मोजले तर बारा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, महिनाभर औषध, वर पुण्याचे हेलपाटे, आणि कमी काय झालं तर एक दिवस?" त्यांचे म्हणणे सरळ होते. पैसा झाडाला लागत नाही, आणि त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती. यांचेही मन डळमळले. औषध बंद करावे असेच बोलणे चालले होते. तेव्हा मी कॅलेंडर भिंतीवरून काढून दोघांच्या मध्ये ठेवले. दिवस बाराच होते, पण नऊचा आकडा जानेवारीत पाच वेळा होता तो तीन वेळा आला होता. मी म्हटले, "एप्रिलअखेरपर्यंत घेते. तेव्हाही आकडे असेच राहिले तर मीच बंद करा म्हणेन." हिशेबाचे बोलणे असल्यामुळे ते सर्वांना पटले. वादच झाला नाही. मी नुसते ‘मला जरा बरं वाटतंय’ म्हटले असते तर त्याला कोणी धरले असते असे मला वाटत नाही.

मार्चमध्ये दहा, एप्रिलमध्ये सहा. डॉक्टर मंडळी दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले की औषध चांगले लागू पडले असे धरतात. तेराचे निम्मे साडेसहा, तेव्हा सहा म्हणजे पार झाले. सहा प्रश्नांच्या कागदाची बेरीज ६९ वरून ५५ वर आली. मे महिन्यात लग्नसराईची जागरणे झाली, सात दिवस दुखले. जून आणि जुलै पाच-पाच. जुलैअखेर मिडासची बेरीज ९ झाली, म्हणजे चौथ्या पायरीवरून दुसरीवर. मी साफ बरी झालेली नाही. आजही दुखते. पण यंदा कृष्णाबाईच्या उत्सवात मी घाटावर पंगतीत वाढायला होते, हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे.

आता या विषयातला खरा अवघड भाग सांगते. मार्चअखेरची खेप. दिवस तेराचे दहा झालेले. म्हणजे फरक तीनच दिवसांचा. डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक प्रश्न विचारला. "कागद बाजूला ठेवा. औषध सुरू केल्यापासून तुम्हाला स्वतःला एकंदर कसं वाटतं?" याचीही उत्तरे ठरलेली असतात, सात पायऱ्यांची: फारच बरे, पुष्कळ बरे, थोडे बरे, काही फरक नाही, थोडे वाईट, पुष्कळ वाईट, फारच वाईट. मी म्हटले, "पुष्कळ बरं." त्यांनी विचारले, दिवस तर तीनच कमी झाले, मग पुष्कळ कसे? मी सांगितले की पूर्वी एकदा धरले की दीड-दीड दिवस सोडत नसे. आता सुरुवातीलाच गोळी घेतली की दोन-तीन तासांत उठून बसते. नऊचा आकडा महिन्यात एकदाच आला. आणि मुख्य म्हणजे, उद्याचे काम अंगावर घेताना भीती वाटत नाही. त्यांनी हे सगळे शब्दशः लिहून घेतले.

त्याच दिवशी बाकावर माझ्याशेजारी एक बाई होती. तिचे दिवस निम्म्यावर आले होते. कागदावर बघाल तर माझ्यापेक्षा तिला गुण जास्त. पण ती म्हणाली, "काही फरक नाही." कारण औषधाने तिला दिवसभर झोप येई, दुखत नसले तरी काम होत नसे. अशा औषधांपैकी काहींनी झोप येते, काहींनी वजन वाढते, हे खरेच आहे. तिने ते सांगितले म्हणून तिचे औषध बदलून मिळाले. ती ‘बरं आहे’ म्हणून उठली असती तर दिवस निम्मे झालेले पाहून डॉक्टरांनी तेच औषध पुढे चालू ठेवले असते.

म्हणून मला असे वाटते की दोन्ही हवेत. दिवसांचा हिशेब हवा, कारण मन विसरते आणि संकोचते. आणि मनाचा शब्दही हवा, कारण आपल्याला कशाने बरे वाटते हे दिवसांच्या आकड्यात सगळे मावत नाही. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हे विचारायचे. औषध बदलायचे की नाही, हे पुष्कळदा त्या उत्तरातच असते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बरे वाटण्याचे श्रेय घाईने कोणालाच देऊ नये. डोकेदुखी आपोआपही कमीजास्त होते. आपण डॉक्टरकडे धावतो ते दुखणे शिगेला पोचल्यावर. आणि शिगेनंतर उतार बहुधा येतोच. धो-धो पावसात आपण छत्री विकत घेतली आणि तासाभराने पाऊस थांबला, तर छत्रीने पाऊस थांबवला असे कोणी म्हणणार नाही. औषधाच्या बाबतीत मात्र आपण असे सर्रास म्हणतो. शिवाय नुसत्या विश्वासानेही काहींना बरे वाटते. म्हणून तर नवीन औषधाची परीक्षा करताना काही लोकांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी औषधाशिवायची गोळी देतात. कोणाला कोणती दिली हे रोग्याला कळू देत नाहीत. रिकाम्या गोळीनेही काहीजणांना गुण येतो. तो वजा करून जे उरते ते औषधाचे. आपल्याला घरी असली परीक्षा करता येत नाही. पण औषधाआधी एक महिना आणि नंतर तीन महिने मोजले, तर आपली फसगत पुष्कळ कमी होते. कोणी तेल विकायला आला, कोणी अंगठी सुचवली, तरी त्यालाही हेच माप लावावे.

कॅलेंडरचा आणखी एक उपयोग माझ्या धाकट्या जावेला झाला. तिच्या परवानगीने सांगते. तिने माझे पाहून मांडायला सुरुवात केली. दुखण्यापेक्षा गोळीचा रकानाच जास्त भरला. महिन्यात अठरा दिवस दुकानातली साधी वेदनाशामक गोळी. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. साधी गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधे मिसळलेली किंवा अर्धशिशीची खास गोळी दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालली तर त्या गोळ्यांमुळेच डोके रोज दुखायला लागू शकते. जावेचे तेच झाले होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने गोळ्या कमी केल्या. पहिले काही दिवस दुखणे वाढले, मग उतरले. तुमच्यापैकी कोणाचा रकाना असा भरला तर घाबरू नका आणि मनानेच काही बंदही करू नका. कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा.

येथे सगळ्या बायकाच आहोत, म्हणून हेही सांगते. पाळीच्या तारखा आणि उपासाचे दिवस त्याच कॅलेंडरवर असतात. माझे दुखणे पाळीच्या आदल्या दोन दिवसांत आणि चतुर्थीच्या संध्याकाळी ठरून येते, हे मला तारखा शेजारी-शेजारी पाहून कळले. उपाशी राहणे, झोप मोडणे, पाळी, ही अर्धशिशीची नेहमीची निमित्ते आहेत. आता चतुर्थीला मी दुपारी नीट फराळ करते. गणपतीबाप्पा काही रागावलेला दिसत नाही.

काही दुखणी मात्र मोजत बसायची नसतात. एकाएकी, क्षणात, आयुष्यात कधी दुखले नाही इतके जोराने डोके दुखले; तापाबरोबर मान आखडली; बोलणे अडखळले, हातपाय लुळा पडला, दिसेनासे झाले; डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागले; तर कॅलेंडर राहू द्या आणि तडक इस्पितळ गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दुखू लागले, किंवा गरोदरपणात वा बाळंतपणानंतर नव्याने दुखू लागले, तरी विनाविलंब दाखवा. आणि दिवस गेले असतील किंवा जाण्याचा संभव असेल तर रोजचे औषध घेण्यापूर्वी तसे सांगा. त्यांतली काही औषधे पोटातल्या बाळाला चालत नाहीत.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे घरोघर साठले आहेत. यंदा वाण म्हणून एक छोटी वही आणि पेन्सिल द्यावी. पहिल्या पानावर पाच रकाने आखून द्यावेत: तारीख, किती दुखले, किती तास, कोणती गोळी, आणि काय काम राहिले. शेवटच्या रकान्यावर माझा विशेष जोर आहे. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी तिच्या मुलीने किंवा शेजारणीने लिहावे. रेघा आखून द्यायचे काम मी अंगावर घेते.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी "कसं काय?" विचारले, तर आपण वही उघडून पुढे ठेवू या. आणि घरात कोणी विचारले, तरी तीच वही दाखवू या.